कुत्र्याच्या काळजांतील जंत

आमच्या वहिनी गेल्या आश्विनांत लेकीकडे वेल्स प्रांतांत स्वान्सी येथें गेल्या होत्या. फाल्गुनांत त्या परत आल्या, तेव्हां त्यांच्या बोलण्यांत नातवाच्या खालोखाल जें नांव येई तें खंडूचें. खंडू म्हणजे लेकीच्या घरचा तपकिरी रंगाचा, स्पॅनियल जातीचा कुत्रा. वहिनींचा आणि कुत्र्यांचा संबंध आजवर एवढाच, कीं घरांत वैश्वदेव होत असे त्या काळीं सासऱ्यांनीं काढून दिलेला श्वानबळी अंगणाबाहेर नेऊन ठेवावयाचा आणि हातपाय धुवून आंत यावयाचें. तिकडे हा प्राणी दिवसभर कोचावर लोळे. पहिला पंधरवडा वहिनींनीं पदर सांवरीत काढला. महिन्याभरांत तो त्यांच्या पायांशीं निजूं लागला. आणि त्याला कांहीं तरी होत आहे, हें घरांत प्रथम त्यांच्याच ध्यानांत आलें.

‘अगं, ह्याला धाप लागते,’ त्या लेकीला म्हणाल्या. ‘चार पायऱ्या चढला कीं थांबतो, मान पुढें काढून उभा राहतो. तुझे आजोबा शेवटल्या वर्षीं अस्सेच थांबत.’

लेकीनें तें हंसण्यावारी नेलें. पुढें खोकला सुरू झाला, तेव्हां जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांनीं साधा सांसर्गिक खोकला समजून आठवडाभराचें औषध दिलें. त्यानंतर एके दिवशीं नख तुटल्याचें निमित्त होऊन पंजांतून सारी दुपार रक्त झिरपत राहिलें. तिसऱ्या दिवशीं एका डोळ्याचा पांढरा भाग लालभडक दिसूं लागला. आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस टेकडीवर चेंडूमागें धांवतां धांवतां खंडू एकदम आडवा झाला. मिनिटभरांत तो उठला खरा, परंतु घरच्या मंडळींचें धाबें दणाणलें. मोठ्या रुग्णालयांत नेल्यावर तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं पहिलाच प्रश्न केला, ‘हा गोगलगाई खातो का?’ नऊ वर्षांच्या नातवानें तत्काळ उत्तर दिलें, ‘हो, खातो ना! त्याचें भांडें रात्रीं बाहेर राहतें, त्याच्यावर चढलेल्या सगळ्या खातो.’

वहिनींना वाटलें, बाई थट्टा करीत आहेत. धाप लागणें, रक्त न थांबणें, मूर्च्छा येणें, ह्यांचा आणि गोगलगाईचा काय संबंध? तोच प्रश्न त्यांनीं परत आल्यावर आम्हांस घातला; आणि त्याचा माग घेतां घेतां जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें. कुत्रीं पाळण्याचा प्रघात आतां आपल्याही लोकांत बराच पडला आहे, आणि आपल्यांपैकीं कित्येकांचीं मुलें-सुना त्या मुलखांत संसार थाटून राहिलीं आहेत. तेव्हां हा विषय अगदींच परका नव्हे.

खंडूच्या व्याधीस इंग्रजींत ‘फुप्फुसजंत’ अशा अर्थाचें नांव रूढ आहे. हें नांव किंचित् फसवें आहे. जंत फुप्फुसांत नव्हे, तर हृदयाच्या उजव्या भागांत आणि तेथून फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणींत राहतो. फुप्फुसांत राहते ती त्याची संतति. शास्त्रज्ञांनीं दिलेलें नांव अधिक चपखल आहे. ‘अँजिओस्ट्राँगिलस व्हॅसोरम’ ह्या दोन शब्दांपैकीं एक ग्रीक वळणाचा व एक लॅटिन. परंतु दोहोंतही रक्तवाहिनीचा उल्लेख आहे, जणूं काय नामकरण करणारास त्याचा पत्ता दोनदां लिहून ठेवावयाचा होता! फ्रान्समधील तुलूझ शहरीं १८५३ सालीं सेर नामक पशुवैद्यकाच्या अध्यापकांनीं एका कुत्र्याच्या हृदयाच्या उजव्या भागांत हे जंत प्रथम पाहिले, आणि १८६६ मध्यें बाये ह्यांनीं त्यांचें शास्त्रीय वर्णन केलें. म्हणूनच पुष्कळ काळ त्यास ‘फ्रेंच हृदयजंत’ असें म्हणत. ब्रिटनमध्यें तो प्रथम १९७५ सालीं बाहेरून आणलेल्या एका ग्रेहाउंड कुत्र्यांत आढळला. पुढें कॉर्नवॉल आणि दक्षिण वेल्स येथें त्यानें ठाणें दिलें. नंतर लंडनच्या आसपासच्या परगण्यांत तो पसरला. आणि २००९ मध्यें स्कॉटलंडांतही त्याची नोंद झाली. डेन्मार्क व कॅनडांतील न्यूफाउंडलंड बेट हींही त्याचीं ठाणीं होत.

ह्या प्रसारांत मोठा भाग कोल्ह्यांचा आहे. तांबडा कोल्हा हा ह्या जंताचा मूळचा यजमान. त्या देशांत कोल्हे आतां रानापुरते उरलेले नाहींत. ते शहरांतील परसांतून राजरोस हिंडतात. २००५-०६ च्या सुमारास ब्रिटनमधील कोल्ह्यांची तपासणी झाली, तेव्हां शेंकडा सुमारें ७ कोल्ह्यांत हा जंत सांपडला होता. २०१३-१४ मध्यें तेंच प्रमाण शेंकडा १८ वर गेलें, आणि इंग्लंडच्या आग्नेय भागांत तर निम्म्या कोल्ह्यांत तो होता. कोल्हा रात्रीं परसांत येऊन विष्ठा टाकतो, तीवर गोगलगाई चरतात, आणि सकाळीं घरचा कुत्रा तेथें हुंगत फिरतो.

‘गोगलगाय आणि पोटांत पाय’ ही आपली म्हण दिसण्यांत गरीब पण आंतून पक्का अशा माणसास लावतात. प्राणिशास्त्रानें ह्या वर्गास जें ग्रीक नांव दिलें आहे, त्याचाही शब्दशः अर्थ ‘पोटपाया’ असाच आहे. तेव्हां आपल्या पूर्वजांचें निरीक्षण पंडितांच्या तोडीचें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं. मात्र ह्या पायांत आणखी काय दडलेलें असतें तें दोघांसही ठाऊक नव्हतें. विष्ठेंतील अळी, जी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं, गोगलगाईच्या शरीरांत शिरते आणि तेथें दोनदां कात टाकून सुमारें अडीच-तीन आठवड्यांत पुढल्या प्रवासास योग्य होते. हवा थंड असल्यास अधिक दिवस लागतात. शंखाची गोगलगाय असो वा बिनशंखाची, दोन्ही तिला चालतात. बेडकांच्या शरीरांतही ती टिकून राहते. कुत्र्यानें अशी गोगलगाय खाल्ली कीं अळी त्याच्या आंतड्याच्या भिंतींतून बाहेर पडते, जवळच्या लसग्रंथींत कांहीं दिवस काढते, आणि यकृताच्या वाटेनें रक्ताबरोबर वाहत साधारणतः दहा दिवसांत हृदयाच्या उजव्या कप्प्यांत येऊन पोंचते. तेथें तिचा जंत होतो. मादी दोन-अडीच सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखी बारीक. तिच्या रक्तानें भरलेल्या तांबड्या आंतड्याभोंवतीं पांढऱ्या बीजकोशांचा वेढा असल्यामुळें ती तांबड्या-पांढऱ्या दोऱ्यांच्या पिळासारखी दिसते. म्हणजे खंडूच्या काळजांत कोणी तरी रक्षाबंधनाचे तुकडे सोडले होते म्हणा ना!

आतां ह्या बारीकशा दोऱ्यांनीं एवढा अनर्थ कसा होतो, हें समजण्यासाठीं हृदयाची रचना थोडी आठवली पाहिजे. हृदय हें एक दिसलें तरी तीं शेजारीं शेजारीं बसविलेलीं दोन यंत्रें आहेत. डावें यंत्र शुद्ध रक्त साऱ्या शरीरांत लोटतें. त्याच्या भिंती जाड, त्याचा जोर मोठा. उजवें यंत्र शरीरांतून परत आलेलें अशुद्ध रक्त शेजारच्या फुप्फुसांत पोंचवितें. वाट जवळची आणि मोकळी, म्हणून त्याच्या भिंती पातळ. त्यास डाव्याच्या सुमारें एक पंचमांश जोर पुरतो. ही वाट मोकळी असेल तोंवर त्याचें काम बिनबोभाट चालतें.

जंताची मादी रोज अंडीं घालते. तीं रक्ताच्या ओघांत वाहत जाऊन फुप्फुसांतील केसासारख्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. तेथें फुटून अळ्या बाहेर येतात आणि वाहिनीची भिंत भोंकून वायुकोशांत शिरतात. कुत्रा खोकतो, अळ्या घशाशीं येतात, तो त्या गिळतो, आणि त्या विष्ठेवाटे बाहेर पडून पुनः गोगलगाईची वाट पाहतात. गोगलगाय खाल्ल्यापासून येथवर सहा ते आठ आठवडे लागतात, आणि औषध न मिळाल्यास हें चक्र वर्षानुवर्षें चालूं शकतें. दरम्यान प्रत्येक अडकलेल्या अंड्याभोंवतीं आणि अळीभोंवतीं शरीर आपले शिपाई पाठवितें. सूज येते, बारीक गांठी धरतात, वायुकोशांत पाणी व रक्त सांचतें, आणि जुना झालेला भाग चिवट, निबर होतो. जेथें हवा खेळावयाची तेथें व्रणाचा कठीण तंतु उरतो. इकडे मोठ्या रोहिणींत जंतांच्या वळवळीनें आंतील अस्तर खरवडून जाडें होतें आणि त्यावर रक्ताच्या गुठळ्या धरतात.

बागेच्या पाटांत गाळ सांठला म्हणजे मोटेच्या बैलांची जी स्थिति होते, तीच मग उजव्या हृदयाची होते. पुढें वाट अरुंद. पाणी तर लोटलेंच पाहिजे. वाहिन्यांतील दाब चढत जातो, पातळ भिंतीचा कप्पा प्रथम जाड होतो, मग थकून फुगतो. फुगला कीं त्याच्या झडपेचीं दारें एकमेकांस नीट मिळत नाहींत, आणि रक्त मागें परततें. यकृत सुजतें, पोटांत पाणी धरतें. ह्याच्या उलट, उजवीकडून फुप्फुसांतून पुरेसें रक्त पुढें न गेल्यामुळें डाव्या यंत्राजवळ पाठविण्यासारखें रक्तच कमी येतें. शांत बसलेल्या कुत्र्यास तें पुरतें. परंतु तो धांवूं लागला कीं स्नायूंची मागणी वाढते, हृदयास ती भागवितां येत नाहीं, मेंदूस रक्त कमी पडतें, आणि जनावर धाडकन् कोसळतें. खंडू टेकडीवर पडला तो असा. जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबत असे तोही ह्यामुळेंच. वहिनींच्या वडिलांचा विकार निराळा असेल, पण थकलेल्या हृदयाची भाषा त्यांनीं अचूक ओळखली होती.

राहिला प्रश्न न थांबणाऱ्या रक्ताचा. जंताच्या उपद्रवानें रक्त गोठविणारीं द्रव्यें आंतल्या आंत खर्चून जातात, रक्तांतील चपट्या कणिका कमी होतात, आणि झालेली गुठळीही शरीर भराभर विरघळवून टाकतें. मग किरकोळ खरचटलें तरी रक्त थांबत नाहीं. हिरड्यांतून, नाकांतून तें येतें, कानाच्या पाळींत सांचतें, डोळ्यांत उतरतें. मेंदूंत उतरलें तर कुत्रा झोकांड्या खातो, त्यास झटके येतात, कधीं दृष्टि जाते. वाईट हें कीं कित्येक कुत्र्यांना खोकलाच येत नाहीं. एखादें धट्टेंकट्टें पिल्लूं साध्या शस्त्रक्रियेसाठीं टेबलावर घेतात, आणि रक्त थांबेना झाल्यावर मग सर्वांच्या डोक्यांत प्रकाश पडतो. पहिल्या डॉक्टरांस आम्ही दोष देत नाहीं; खोकणाऱ्या शंभर कुत्र्यांत पुष्कळांना खरोखरच साधा खोकला असतो. परंतु धाप, रक्त आणि मूर्च्छा ह्यांपैकीं कोणतीही एक गोष्ट, आणि परसांत गोगलगाई, एवढें जुळलें कीं हा जंत मनांत आणलाच पाहिजे, असें त्या बाईंनीं पुतणीला बजावून सांगितलें.

निदानाची जुनी रीत इतकी सोपी आहे कीं ती सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. १९१७ सालीं डच ईस्ट इंडीजमध्यें, म्हणजे आजच्या इंडोनेशियांत, बेअरमन नांवाच्या शास्त्रज्ञांनीं मातींतील अंकुशकृमींच्या अळ्या शोधण्यासाठीं एक युक्ति काढली. कांचेच्या नरसाळ्यांत कोमट पाणी भरावें, मलमलीच्या पुरचुंडींत नमुना बांधून त्यांत बुडवून ठेवावा. ऊब लागून अळ्या वळवळत पुरचुंडीबाहेर येतात. त्यांना वर पोहतां येत नाहीं, म्हणून तळाशीं जमतात. सकाळीं तळचें थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावें. कुत्र्याच्या विष्ठेसाठीं आजही हेंच करतात, आणि अळ्या रोज सारख्या पडत नसल्यामुळें तीन दिवसांचे नमुने घेतात. अळीच्या शेपटीस एक बारीक कांटा असतो, त्यावरून ओळख पटते. ह्याखेरीज आतां रक्ताच्या थेंबावरून पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणारी परीक्षाही निघाली आहे. खंडूची ती परीक्षा झाली; मग क्ष-किरणांनीं छातीचें चित्र घेतलें, आणि ध्वनिलहरींच्या यंत्रानें हृदय पाहिलें. उजवा कप्पा डाव्याच्या बरोबरीनें फुगलेला दिसला.

औषधें आहेत आणि तीं गुणकारी आहेत. फेनबेंडाझोल रोज अन्नांतून कित्येक दिवस देतात. मॉक्सिडेक्टिन मानेच्या कातडीवर ओततात. मिल्बेमायसिन आठवड्यास एकदां पोटांत देतात. (कोली जातीच्या कांहीं कुत्र्यांत एक आनुवंशिक दोष असतो, तो २००१ सालीं उमगला, अशांना ह्या वर्गांतील औषधें जपून द्यावीं लागतात.) परंतु खरी कसोटी औषध लागूं पडल्यावर लागते. जंत मरतात म्हणजे कोठें जातात? ते रक्ताबरोबर फुप्फुसांतच वाहत जाऊन अडकतात, आणि कांहीं दिवस धाप पूर्वींपेक्षां वाढते. ह्या काळांत कुत्र्यास धांवूं द्यावयाचें नाहीं, जिना चढूं द्यावयाचा नाहीं, चेंडू दाखवावयाचाही नाहीं.

खंडूची तिसरी रात्र अशीच आली. डॉक्टरीणबाईंनीं सांगून ठेविलें होतें, कीं निजलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटास तीसच्या वर जाऊं लागला तर थांबूं नका, घेऊन या. लेक आणि जांवई पाळीपाळीनें बसणार होते. पण वहिनींनीं दोघांनाही निजावयास धाडलें, स्वतः घड्याळ मांडीवर घेऊन बसल्या आणि दर अर्ध्या तासानें श्वास मोजून वहीच्या पानावर टिपूं लागल्या. अठ्ठावीस, एकतीस, पस्तीस. दोन वाजतां बेचाळीस झाले तेव्हां त्यांनीं जांवयांना उठविलें. उरलेली रात्र आणि पुढले चार दिवस खंडू प्राणवायूच्या पेटींत होता. फुप्फुसांतील दाब उतरविण्यासाठीं त्यास सिल्डेनाफिल नांवाचें औषध देत होते. नातू शाळेंतून आला कीं वहिनींच्या वहींतील आंकडे पुनः पुनः वाची. ‘आजी, आज किती?’ असें विचारी, आणि रुग्णालयांतून कळलेला आंकडा त्याखालीं स्वतः लिही. सातव्या दिवशीं त्यानें सव्वीस लिहिला.

ब्रिटनसारख्या मुलखांत कुत्रा बाळगणारानें महिन्याच्या महिन्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें प्रतिबंधक औषध घालावें, हा सर्वांत खात्रीचा उपाय. मात्र जंताचीं सगळींच औषधें ह्या जंतावर चालत नाहींत, तें विचारून घ्यावें. पाण्याचें भांडें, चावण्याचीं खेळणीं रात्रीं आंत घ्यावीं, विष्ठा त्वरित उचलावी. हा जंत माणसास होत नाहीं, तेव्हां मुलांस कुत्र्यापासून दूर काढण्याचें कारण नाहीं. ह्याचा एक भाऊबंद मात्र माणसास सोडीत नाहीं. तो उंदराच्या फुप्फुसांतील. १९३५ सालीं चीनमधील कँटन येथें त्याचें वर्णन झालें. त्याची अळी गोगलगाईबरोबर चुकून माणसाच्या पोटांत गेली तर मेंदूच्या आवरणास दाह होतो, आणि असे रोगी भारतांतही आढळले आहेत. आफ्रिकेंतील मोठी गोगलगाय, जी १८४७ सालीं कलकत्त्यास आणली गेली आणि आतां आपल्याकडेही परसांत दिसते, ती त्या अळीची आवडती धर्मशाळा आहे. म्हणून पावसाळ्यांत पालेभाजी पान अन् पान उलगडून धुण्याची आपल्या घरांतील वडील बायकांची जी शिस्त, ती सुनांनीं टाकूं नये.

आपल्या देशांतील कुत्र्यांना, विशेषतः ईशान्येकडे आसाम-मिझोरामच्या बाजूस, हृदयजंत होतो तो ह्याहून निराळा. तो डांसांच्या दंशानें येतो, आणि त्याची मादी वीतभराहून लांब असते. राहण्याची जागा तीच, उजवें हृदय आणि फुप्फुसाची रोहिणी. हृदयावर येणारा ताणही तसाच. तेव्हां धाप लागलेल्या कुत्र्याकडे ‘म्हातारा झाला’ म्हणून दुर्लक्ष करणें येथेंही बरें नव्हे.

तीन महिन्यांनीं खंडूची पुनः तपासणी झाली. रक्ताची परीक्षा निर्दोष निघाली. फुप्फुसांतील दाब उतरला आहे. उजवा कप्पा मात्र पूर्वींच्या आकारास आलेला नाहीं, आणि कदाचित् येणारही नाहीं. तो जिना चढतो, क्वचित् थांबतो. परवां नातवाशीं दूरध्वनीवर बोलणें झालें, तेव्हां तो सांगत होता, कीं रोज रात्रीं निजण्यापूर्वीं तो विजेरी घेऊन मागल्या दाराच्या पायऱ्यांवर जातो आणि आजीनें पुण्याहून नेलेल्या सांडशीनें गोगलगाई उचलून डब्यांत भरतो. ती सांडशी पुनः स्वयंपाकघरांत आणावयाची नाहीं, अशी वहिनींची सक्त ताकीद आहे; दुसरी त्यांनीं गेल्याच आठवड्यांत टपालानें पाठविली.